यादीत नाव वारलेल्या सासऱ्यांचं, मग अंगठा कुणाचा लावायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी पाचोरा तालुक्यातली, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या गावातली. नदीकाठाला आमचं दोन हेक्टर शेत आहे. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. ते दोन वर्षांपूर्वी वारले, नावं लावायची राहून गेली. शेती मी आणि मालक करतो. दीर सुरतला उधन्यात कामाला आहेत, नणंद चोपड्याकडे दिली आहे, सासूबाई आमच्याजवळ असतात. मागच्या सप्टेंबरच्या पुरात चार एकर कपाशी गेली. नदीकडचा एकरभर पट्टा मातीसकट वाहून गेला, नुसते गोटे राहिले. विहीर गाळानं भरली. दावणीची गाय वाहून गेली. तलाठी भाऊसाहेब आणि कृषी सहायक बघून गेले. शेजाऱ्यांच्या खात्यावर दोनदा पैसे आले. आमच्या यादीत सासऱ्यांचं नाव, आणि पुढे १.६० हेक्टर कापूस, जिरायत, एवढंच. केंद्रावर गेलो तर अंगठा मागतात. तिथला एक जण म्हणाला, दहा टक्के द्या, दुसऱ्या खात्यावरून काढून देतो. दीर म्हणतात अर्धे माझे. मालक म्हणतात आधी नणंदेची हक्कसोड घेऊ, मग नावं लावू. सोसायटीचं कर्ज सासऱ्यांच्याच नावावर आहे. विम्याची तक्रार तीन दिवसांत करायची ती राहिली. सासूबाई म्हणतात, सरकारच्या दारात किती हात पसरायचे, जाऊ द्या. काय करावं?"

(नाव छापू नये अशी विनंती, ता. पाचोरा)

उत्तर:

ताई, जाऊ देऊ नका.

सासऱ्यांच्या नावापुढे रक्कम धरली गेली, याचा अर्थ पंचनामा झाला, तहसीलमधून यादी वर गेली आणि मंजूरही झाली. काम अडलंय ते शेवटच्या पायरीवर. मदत आधारशी जोडलेल्या खात्यावर जाते, आणि त्याआधी ई-केवायसीला, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवायला, माणूस समोर लागतो. ज्या शेजाऱ्यांचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात तो तयार होता, त्यांना सरकारनं २०२५ च्या पुराच्या मदतीत या ई-केवायसीतून सूट दिली, म्हणून त्यांचे पैसे लवकर आले. तुमचा सातबारा वारलेल्या माणसाच्या नावावर आहे. ते दुरुस्त होतं आणि त्याला कोर्टकचेरी लागत नाही.

मला तुमच्या पत्रातली दुसरीच ओळ जास्त टोचली. "१.६० हेक्टर कापूस, जिरायत, एवढंच." तुमचं नुकसान चार जागी झालंय: पीक, जमीन, विहीर, गाय. नोंद झाली एकाची. अंगठ्याचा प्रश्न उद्या सुटला तरी उरलेल्या तिन्हींचे पैसे येणार नाहीत, कारण कागदावर ती नुकसानी झालेलीच नाहीत. सरकारी मदत वाहून गेलेल्या वस्तूला मिळत नाही, तिच्या नोंदीला मिळते. म्हणून तहसीलमध्ये "आमचे पैसे का आले नाहीत" एवढंच विचारून परत येऊ नका. "आमच्या चार नुकसानींपैकी किती नोंदल्या" असं विचारा.

आधी सासूबाईंचं. त्यांना सांगा, हे हात पसरणं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. त्याखाली राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो, आपल्या राज्यात त्यातले ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं की शेतकरी त्या मदतीला पात्र होतो. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. कुणा पुढाऱ्याच्या मर्जीवर हे चालत नाही. तुमच्या घरानं वर्षानुवर्षं साबणापासून डिझेलपर्यंत कर भरलाय. सासूबाई अभिमानी आहेत, त्या अभिमानाला धक्का लागेल असं यात काहीही नाही.

आता आकडे बघू, म्हणजे किती पैसा कुठे अडलाय ते कळेल. केंद्राच्या निकषानं जिरायत, म्हणजे पावसावरच्या, पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला, म्हणजे ओलिताच्या पिकाला, १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्याखतासाठी हेक्टरी १०,००० वेगळे दिले. शेजाऱ्यांकडे दोनदा पैसे आले ते यामुळे. तुमच्या १.६० हेक्टरचे आधी १३,६०० आणि मग १६,०००, मिळून २९,६०० रुपये. एकराला हिशेब केला तर पहिल्या हप्त्याचे ३,४०० पडतात. कपाशीला बियाणं, खत, फवारणी, निंदणी मिळून एकरी किती जातात ते तुम्ही मला शिकवाल. ही मदत नुकसान भरून काढत नाही, हे मान्य. पण तुमची पुढची पेरणी त्यातून उभी राहू शकते.

नदीकडच्या पट्ट्याचं वेगळं. इथे आपल्या खान्देशातल्या दोन पुरांचा फरक समजून घ्या, कारण पैसे त्यावर ठरतात. तापीला पूर येतो तो बहुधा सांगून येतो. हतनूरचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना निरोप जातो, पाणी पसरतं, दोन दिवस थांबतं आणि जाताना गाळ टाकून जातं. तुमच्याकडे तसं नसतं. डोंगरावर रात्री पाऊस पडतो आणि पहाटेपर्यंत नाल्याची नदी होते. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी नद्यांनी चाळीसगावात हेच केलं होतं. असं पाणी टाकत नाही, खरवडून नेतं. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ किंवा वाळू साचली तर ती काढायला हेक्टरी १८,००० रुपये मिळतात. जमीनच वाहून गेली तर अल्प व अत्यल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० मिळतात. दोन हेक्टरपर्यंतचं तुमचं खातं त्यात बसतं. म्हणून पंचनाम्यात "शेतात पाणी शिरून नुकसान" असं मोघम लिहिलेलं चालणार नाही. "नदीचं पाणी शिरून ०.४० हेक्टर जमीन खरडून गेली" असं क्षेत्रासह, गट नंबरासह लिहिलेलं पाहिजे. ०.४० हेक्टरचे १८,८०० रुपये होतात. शिवाय पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतचं काम जाहीर झालं होतं. तो पैसा हातात येत नाही, जमीन दुरुस्तीच्या कामावर खर्च होतो. त्यासाठी ग्रामपंचायतीत आणि तहसीलच्या रोजगार हमी (रोहयो) शाखेत वेगळा अर्ज द्या.

एक गोष्ट लगेच करा: त्या पट्ट्यात अजून माती टाकू नका. मालक जेसीबी लावून धरणातला गाळ आणायच्या विचारात असतील तर पुनर्पंचनामा होईपर्यंत थांबवा. बुजवलेला खड्डा कुणालाच दाखवता येत नाही. मोबाइलवर लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. गोटे, तुटलेला बांध आणि मागे शेजाऱ्याचं शाबूत शेत, सगळं एका चौकटीत आलं पाहिजे. पुराच्या आठवड्यात घरातल्या कुणी काढलेले फोटो, व्हिडिओ असतील तर ते व्हॉट्सॲपवर फिरवलेले नकोत, मूळ फोनमधले जपून ठेवा. मूळ फोटोला तारीख चिकटलेली असते.

खचलेल्या, गाळानं बुजलेल्या विहिरीला ३०,००० रुपये जाहीर झालेत. त्यासाठी विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते बघा.

गायीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं तुमच्या हातात सगळ्यात आधी पैसा गायीचाच येऊ शकतो. दुभत्या गायी-म्हशीला ३७,५०० रुपये आहेत. आणि गाय काही सातबाऱ्यावर नसते. तिला वारस लागत नाहीत, दिराची संमती लागत नाही. जिच्या कानात बिल्ला आणि बिल्ल्याच्या बारा आकडी क्रमांकापुढे तुमच्या मालकांचं नाव, ती गाय तुमच्या मालकांची. हा क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंदलेला असतो. लाळ-खुरकताची लस टोचताना, कृत्रिम रेतन करताना तोच टिपून घेतात. दवाखान्यात जाऊन नोंदीचा कागद घ्या, डेअरीत दूध घालत असाल तर त्याचं पुस्तक जोडा, पोलीस पाटलांचा दाखला घ्या आणि पशुधन विकास अधिकारी व तलाठी या दोघांकडे अर्ज द्या. गाय वाहून गेली, शव सापडलं नाही, असं स्पष्ट लिहा. बिल्ला मारलेलाच नसेल तर काम अवघड आहे, कारण २०२४ च्या जूनपासून राज्यानं बिल्ल्याशिवाय मदत द्यायची नाही असं ठरवलंय. तरी अर्ज द्याच. आणि आज गोठ्यात जी जनावरं आहेत त्यांना या आठवड्यात बिल्ले मारून घ्या.

बेरीज करा: पिकाचे २९,६००, जमिनीचे १८,८००, विहिरीचे ३०,०००, गायीचे ३७,५००. एक लाख १५ हजार ९०० रुपये. तुमचं घर पहिल्या आकड्यासाठी भांडतंय, आणि बाकीचे ८६ हजार ३०० रुपये कुणी मागितलेलेच नाहीत.

"जिरायत" लिहिलंय त्याचं काय? विहीर असताना कपाशी बागायत धरायला हवी होती, हे खरं. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवर पिकाची नोंद करतात त्यात, सिंचनाचं साधन निवडताना घाईत बोट भलतीकडे पडतं, किंवा कुणी दुसऱ्यानं भरून दिलेलं असतं. त्या नोंदीत दुरुस्तीची मुदत ४८ तासांची असते, ती कधीच गेली. विहिरीची नोंद, पंपाचं वीजबिल, ठिबक असेल तर त्याचं बिल जोडून अर्जात एक परिच्छेद लिहा, पण त्यावर खोटी आशा ठेवू नका आणि त्यापायी बाकीचं काम थांबवू नका. येत्या खरिपाला पाहणी मात्र तुम्ही स्वतः, बांधावर उभं राहून करा.

आता घरातलं. खरी गाठ इथे आहे.

सातबाऱ्यावर चौघांची नावं लागतील: सासूबाई, तुमचे मालक, दीर, नणंद. हिंदू वारसा कायद्यानं मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि सर्वसाधारणपणे चौघांचा वाटा सारखाच येतो. म्हणजे दिरांचं "अर्धे माझे" हे जमत नाही, तसंच नणंदेला वगळून नावं लावू हेही जमत नाही. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि सगळ्यांचे आधार घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. तो ऑनलाइन, ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, निघतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दोन वर्षं उशीर झाला म्हणून नोंद अडत नाही. २०२५ साली सरकारनं "जिवंत सातबारा" नावाची मोहीमच याच कामासाठी काढली होती. तुमच्यासारखी हजारो खाती मेलेल्या माणसांच्या नावानं पडून आहेत, म्हणून तर ती काढावी लागली.

तुमचे मालक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताहेत. एक असतं संमतीपत्र: "या मदतीची रक्कम सामाईक खातेदारांपैकी अमुक एकाच्या खात्यावर जमा करायला आमची हरकत नाही." ते तेवढ्याच रकमेपुरतं असतं. जमिनीच्या मालकीला त्याचा धक्का लागत नाही. त्याचा नमुना तलाठ्याकडे मिळतो. दुसरी हक्कसोड: दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त, ज्यानं बहिणीचा जमिनीतला हक्क कायमचा संपतो. पुराच्या मदतीसाठी पहिलं लागतं, दुसरं अजिबात लागत नाही. तेव्हा नणंदेला "मदतीचं काम आहे, सही कर" असं सांगून हक्कसोडीवर सही घेणं ही सरळ फसवणूक होईल, आणि पुढे कोर्टात टिकणारही नाही. तुम्ही तसं लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे सहीच्या गर्दीत हे घडतं, म्हणून सांगितलं. बहीण "माले काही नको" म्हणते तेव्हा ती माहेर तुटू नये म्हणून म्हणते. तिचं ते प्रेम आहे, त्याची घाईनं नोंदणी करू नका. उद्या तिला खरंच सोडायचं असेल तर नाव लागल्यावर, शांतपणे, समजून-उमजून सोडेल.

मग मदतीतला वाटा कसा करायचा? कायद्यापलीकडे माझं मत विचाराल तर पैसा ज्या नुकसानीचा, त्या ठिकाणी जावा. कपाशी तुम्ही दोघांनी पेरली, निंदली, उधारी तुमच्या नावावर, म्हणून पिकाचा पैसा तुमचा. गायीचा तुमचा. जमीन आणि विहीर चौघांची, तर त्यांचे ४८,८०० कुणीच खिशात घालू नयेत, ते पट्टा भरायला आणि विहिरीतला गाळ काढायलाच जावेत. दिरांना फोनवर "तुमचा वाटा" या शब्दानं सुरुवात करू नका. हे चार आकडे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि विचारा, भाऊ, यातला कुठला पैसा कशाला लागला पाहिजे ते तुम्हीच सांगा. विहीर दुरुस्त झाली तर त्यांच्याही वाट्याची किंमत वाढते, हे उधन्यात रोजंदारी करणाऱ्या माणसाला लगेच कळतं. ते सणाला गावी येतील तेव्हाच प्रतिज्ञापत्र आणि संमतीपत्र दोन्हींच्या सह्या एका बैठकीत उरका. नणंदेला त्याच दिवशी बोलवा.

दहा टक्क्यांवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. वारलेल्या माणसाची मदत तिसऱ्याच्या खात्यावर वळवणं हा गुन्हा आहे, आणि वसुली निघाली की तो केंद्रावाला कुठे सापडणार नाही, सापडेल तुमचं घर. जालना जिल्ह्यात अशाच अनुदानाच्या याद्यांत घोटाळा निघाला, महसूल कर्मचारी निलंबित झाले. चौकशी लागली की एकेक खातं उकललं जातं. सासऱ्यांच्या नावानं पीएम किसानचा हप्ता अजून येत असेल तर तोही कळवून बंद करा.

वारस नोंद लागली की मालकांचा शेतकरी ओळख क्रमांक काढा. मग तहसीलदारांकडे अर्ज: यादीतल्या मृत खातेदाराऐवजी वारसाचं नाव घ्यावं. त्याला मृत्यूचा दाखला, नवा सातबारा, फेरफार, संमतीपत्र जोडायचं. सोबत दुसरा अर्ज, जमीन आणि विहिरीच्या पुनर्पंचनाम्याचा. गायीचा तिसरा. तिन्ही वेगळे द्या, एका कागदात कोंबू नका. प्रत्येक कागद एका वेगळ्या टेबलावर जातो. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला असं कुणी मानत नाही. वारस नोंद होईपर्यंत थांबायची गरज फक्त पहिल्या अर्जाला आहे. बाकीचे दोन येत्या सोमवारीच द्या, फेरफाराचा अर्ज केल्याची पोच जोडून. पुरवणी याद्या निघत असतात, त्यात नाव जायला अर्ज आधीच टेबलावर पडलेला लागतो.

महिनाभरात हालचाल झाली नाही तर माहितीच्या अधिकारात आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत मागा. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय भांडण नीट होत नाही. त्यापुढे जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अर्ज आधी द्यावा लागतो. तलाठ्यावर मात्र राग काढू नका. पुराच्या दिवसांत एकेका माणसाकडे कितीतरी गावांचे पंचनामे असतात. त्यांना लेखी दिलं की त्यांनाही वर लिहायला आधार मिळतो.

पैसे कुठल्या खात्यात येणार हेही बघून ठेवा. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात आणि मदत जाते ती आधार ज्याला शेवटचा जोडला त्या खात्यात. तुमच्या लाडकी बहीणच्या हप्त्यावरून तुमचं खातं तुम्हाला माहीत आहे. मालकांचं कुठलं, ते बँकेत विचारून घ्या. सोसायटी किंवा बँक ही रक्कम कर्जात वळती करायला लागली तर ठाम नाही म्हणा. मदतीच्या शासन निर्णयांत हे लिहिलेलं असतं की या रकमेतून वसुली करायची नाही.

कर्जाचं: २०२५ च्या पुरानंतर बाधित भागात वसुलीला वर्षाची स्थगिती आणि पीककर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीची मुदत वाढवून देणं, जाहीर झालं. ३३ ते ५० टक्के नुकसानीला दोन वर्षांपर्यंत, त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण कर्जदार वारलेले आहेत हे सोसायटीला लेखी कळवलंय का? आधी ते करा. आणि पुनर्गठनाच्या कागदावर सही करण्याआधी सचिवांना दोन प्रश्न विचारा: व्याज किती लागेल, आणि वेळेवर भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत जी बिनव्याजी सवलत मिळते ती जाईल का. उत्तर तोंडी नको.

विम्याच्या तक्रारीचं मनाला लावून घेऊ नका. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला आणि त्यासोबत स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाईही गेली, म्हणजे ती तीन दिवसांतली तक्रार केली असती तरी त्यावर काही मिळालं नसतं. आता सगळं महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याचं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर, ठरतं. विमा काढला असेल तर पावती जपून ठेवा. मंडळाचं सरासरी उत्पादन ठरवून दिलेल्या उंबरठ्याखाली गेलं तर पैसे आपोआप येतील, आणि ते या मदतीत वजा होत नाहीत. (रावेर-यावलच्या केळीवाल्यांनीही हे वाचावं: फळपीक विमा तापमान, वारा, गारपीट यांवर चालतो, पुरावर नाही. बाग पाण्यात गेली तर पंचनामा हाच रस्ता.)

शेवटचं, तुमच्याबद्दल. हे सगळं पत्र तुम्ही लिहिलंत. पट्टा किती गेला, यादीत नेमका आकडा काय, कर्ज कुणाच्या नावावर, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. निंदणी-वेचणी तुम्ही करता. आणि या शेताच्या एकाही कागदावर तुमचं नाव नाही. उद्या मालकांना काही झालं तर तुम्ही पुन्हा याच रांगेत, याच अंगठ्यापाशी उभ्या राहाल. आपल्या राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवरा आपल्या हिश्श्याच्या जमिनीला बायकोचं नाव सहधारक म्हणून लावू शकतो, त्याला खरेदीखत लागत नाही, साधा अर्ज पुरतो. वारस नोंद प्रमाणित झाली की मालकांकडून तो अर्ज त्याच आठवड्यात तहसीलमध्ये देववा. ते का-कू करतील तर हे पत्र त्यांना वाचायला द्या.